शेवटचं नाव जाईपर्यंत

म्हसावद,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय प्रिस्किला,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. अक्षर अजून तसंच, उजवीकडे झुकलेलं, म्हणजे तू बरी आहेस असं मी धरते. आम्हीही ठीक आहोत. थंडी चांगलीच पडली आहे. केळीला ती सोसत नाही, म्हणून दिनेश पहाटेच पाणी द्यायला शेतात जातात. रविना नाशिकला शेवटच्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, "आई, टॉप टेन व्हॉट्सॲपवर टाक ना मावशीला, दोन मिनिटांचं काम." मी म्हटलं, दोन मिनिटांत लागतात त्यांना क्रमांक म्हणत नाहीत. हसली. आपल्या दोघींच्या पत्रांचं तिला हसूच येतं.

आबांची प्रकृती तशीच आहे. जेवण व्यवस्थित, झोप व्यवस्थित. आत्ता ते समोर टीव्हीपुढे बसलेत आणि मी बाजूच्या पाटावर वही मांडीवर घेऊन लिहिते आहे. मध्ये मध्ये उठावं लागेल, तेव्हा अक्षर बदललेलं दिसलं तर समजून घे.

पुण्याच्या महोत्सवाचं तू विचारलंस, माझ्या नावाचा पास काढून ठेवलास, नाताळपर्यंत हो की नाही ते कळव म्हणालीस. त्याचं उत्तर आधी द्यायला हवं. पण आपल्या पत्रांत आधी यादी आणि मग घरचं, ही रीत तुझीच. ती मी मोडत नाही.

तर यंदाचे माझे दहा.

रविनाने असंही विचारलं की तुम्ही सिनेमांची नावं का लिहीत नाही. मी तिला तुझ्या वडिलांची, सॅम्युअलकाकांची गोष्ट सांगितली. तुझ्या घरी सिनेमा म्हणजे पाप, आणि सुटीत नवापूरला आलेलं प्रत्येक पत्र काका आधी वाचणार. म्हणून आपण सिनेमांना आपली नावं दिली. मी लिहायची, "बैलजोडी यंदा पहिल्या नंबरची, विहीर मात्र मध्यावर कोरडी पडली." आणि काका काकूंना म्हणाले, या गायत्रीच्या घरची माणसं फार मेहनती दिसतात, नंदुरबारमध्ये राहूनही बैलांशिवाय दुसरा विचार नाही! रविना इतकी हसली की फोन पडला तिच्या हातातून.

बरं. पहिला क्रमांक यंदा मी "मिठाचा सिनेमा" असा लिहून ठेवला होता. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला म्हणून नाही. पुरस्काराने दबणारी तू, मी नाही. त्यातली ती बाई भेगाळलेल्या पायांना रात्री तेल लावते आणि नवऱ्याकडे बघतही नाही, तेवढ्यासाठी मी तो वर ठेवला. दुसरा "चष्म्याचा". तिसरा "विहिरीचा", तुझा पहिला, हे मला माहीत आहे, भांडू नकोस. चौथ्यापासून दहाव्यापर्यंतही ओळीने लिहून ठेवले आहेत.

थांब, आबांना पाणी हवंय.

आले. आपल्या तांब्यातूनच देते त्यांना. हॉस्टेलच्या खोलीतला पितळी तांब्या, जो आपण वर्षाच्या सर्वोत्तम सिनेमाला "प्रदान" करायचो. खाटेवर उभं राहून भाषण करायचं, सिनेमातर्फे तांब्या स्वीकारायचा आणि आईवडिलांचे आभार मानायचे. तू एकदा खलनायकातर्फे स्वीकारलास आणि रडलीस. आपल्यात ठरलं होतं की तो दर वर्षी एकीकडून दुसरीकडे जायचा. तो माझ्याकडेच राहिलाय. आपण भेटलोच नाही तर द्यायचा कसा?

पाणी देऊन परत बसले, वरचे दहा वाचले आणि आता मला ते तसेच ठेवता येत नाहीत.

नियम आठवतो ना? पडद्यावरून शेवटचं नाव जाईपर्यंत पाहिलेला सिनेमाच यादीत घ्यायचा. तू शेवटच्या एसटीसाठी टॉकीजमधून धावत निघालीस आणि तरी तो सिनेमा पहिला ठेवलास, तेव्हा मीच हा नियम केला. दोन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी. "तू काय सरकारी परीक्षक आहेस का गं?" असं म्हणालीस. बहुतेक तशीच आहे मी अजून.

मग नियमाने बघू. "मिठाचा" मी मोबाइलवर पाहिला, आवाज बंद करून. इथे समोर आबांचा सिनेमा चालू असतो, दुसरा आवाज आला की ते गोंधळतात. खालच्या अक्षरांवरून मी गोष्ट समजून घेतली. नंतर तुझ्या पत्रात वाचलं की त्याला ध्वनीचासुद्धा पुरस्कार आहे, वाऱ्याचा आवाज म्हणे ऐकण्यासारखा. मला वारा ठाऊकच नाही. शिवाय शेवटी ती बाई तेल घेऊन बसली, तेवढ्यात आबांनी कडी काढली आणि मी धावले. परत आले तेव्हा मोबाइलवर दुसरंच काहीतरी सुरू झालं होतं.

खोडला.

"चष्म्याचा" तुकड्यातुकड्यांनी पाहिला, भाकरी तव्यावर असताना. त्या कारकुनाचा चष्मा सापडला की नाही, हे मी तुझ्याच पत्रावरून सांगते आहे. खोडला. "विहिरीचा" मध्यंतरापर्यंत. खाली जाताना तो माणूस वर बघतो आणि विहिरीचं तोंड चंद्राएवढं दिसतं, तिथे वीज गेली. ती आली तोवर आबांच्या अंघोळीची वेळ झाली. तो माणूस माझ्यासाठी अजून खालीच आहे. खोडला. बाकीचे एकेक सांगत बसत नाही. कुठे सिलिंडरवाला आला, कुठे डोळा लागला. दहा ओळी होत्या, दहाही गेल्या.

असं लिहून वाईट वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. पण एक सिनेमा मात्र नियमात बसतो. तोच आत्ता समोर चालू आहे: "बैलजोडीचा", आपल्या पहिल्या यादीतला. तो तेव्हा आवडला होता मला, विश्वास बसेल?

तुला हे नीट कधी लिहिलं नाही. आजवर "आबांना टीव्ही लागतो" एवढंच लिहिलं. तो टीव्ही काय आहे ते सांगते.

माझे मोठे दीर ईश्वर, आबांचे थोरले, सुरतला कामाला होते. आबांशी भांडून गेले होते. समेट झाला, दिवाळीला येतो म्हणाले, आणि येताना रस्त्यात अपघातात गेले. हे तुला माहीत आहे. आबांना आता ते आठवत नाही. ईश्वर गेल्याचं पुसलं गेलं, यायचा आहे एवढंच उरलं. मधल्या काळात ते दिवसातून कितीदा तरी चप्पल घालून स्टँडवर जायचे आणि शहाद्याकडून आलेल्या प्रत्येक गाडीच्या दाराशी उभे राहायचे. कंडक्टर लोक ओळखायला लागले होते. मग एकदा टीव्हीवर हा सिनेमा लागला. त्यात थोरला मुलगा भांडून शहरात जातो, बाप बांधावर उभा राहून वाट बघतो आणि अगदी शेवटी मुलगा दुरून चालत येतो. आबा पूर्ण वेळ हलले नाहीत. तो आला तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "उना का?"

मी म्हटलं, "उना, आबा." आला म्हणून सांगितलं.

"मंग त्याले वाढ. भूक्या व्हई."

मी ताट वाढलं. ते शांत झाले आणि त्या दिवशी स्टँडवर गेले नाहीत. रविनाने तो सिनेमा पेन ड्राइव्हवर भरून दिला. तेव्हापासून तो रोज लागतो. सकाळची कामं आटोपली की सुरू आणि जेवणाच्या वेळेला संपतो. शेजारी कोणीतरी बसावं लागतं, शेवटी त्यांनी विचारलं की उत्तर द्यावं लागतं आणि एक ताट जास्तीचं वाढावं लागतं. ते ताट मग मी जेवते. माझं दुपारचं जेवण म्हणजे ईश्वरदादांचं ताट.

आता जत्रेचं गाणं लागलं आहे, लांबलचक आहे, तेवढ्यात बरंच लिहून होईल.

दुसऱ्या कोणी बसावं म्हणून मी प्रयत्न केले नाहीत असं समजू नकोस. भांडी घासायला येणाऱ्या कौसाबाईला बसवलं. मुलगा निघून जातो तिथे ती इतकी मोठ्याने रडली की आबा उठले आणि येईल तो म्हणून तिला समजावत बसले, "रडू नको बहीण, ई जाई तो." सिनेमा पुढे गेला, मुलगा येऊन गेला, ते बघायला कोणी नव्हतं. संध्याकाळपर्यंत ते दोघं आळीपाळीने दाराशी. दुसऱ्या दिवशी कौसाबाई म्हणाली, "ताई, भांडा कितलाबी द्या, पन तो पिच्चर नको."

आणि दिनेश. तुझ्या पासचं मी त्यांना सांगितलं, तेव्हा लगेच म्हणाले, "जाय ना. तुले कोण रोकी ऱ्हायनं?"

खरंच कोणीच रोखत नाही, प्रिस्किला. रात्री अंथरुणावर मी विचार करते तेव्हा एकही माणूस सापडत नाही ज्याच्यावर रागवावं. आबा तर लहान मुलासारखे झाले आहेत. दिनेश पहाटेपासून राबतात. दार उघडं आहे, स्टँड समोर आहे, आणि मी वर्षभरात एकदा शहाद्याला जाऊन आले.

त्या एका खेपेचं लिहायचं की नाही, हे यादी सुरू करतानाच मनात होतं. म्हणून मी नियमात बसणारा एकच सिनेमा म्हणाले. ते खरं नाही. दोन आहेत.

"होडीचा" शहाद्याच्या टॉकीजला लागला होता. पुरस्कार जाहीर झाल्यावर एक आठवडा, दुपारचा एकच खेळ. मी दिनेशना म्हटलं, एक दिवस तुम्ही बसा, काही करायचं नाही, शेवटी "उना" म्हणायचं आणि ताट वाढायचं. ते बरं म्हणाले. मी जीपने गेले. तिकीट काढलं ते लग्नातून पळून आल्यासारखं, मागे बघत.

सिनेमा एका होडी चालवणाऱ्या बाईचा. जन्मभर माणसांना नदीपार नेते, नदीवर पूल होतो, होडी रिकामी राहते. मध्यंतरानंतर माझ्या पर्समध्ये उजेड झाला. फोनचा आवाज मी बंद केला होता. दिनेशचं नाव दिसलं. गेलं. परत आलं. दिनेश उगाच फोन करणारे नाहीत, हे मला कळत होतं. मी फोन उलटा केला, त्यावर रुमाल ठेवला आणि पर्सची चेन लावली.

शेवटी ती बाई पहिल्यांदा त्या पुलावरून चालत निघते. मध्यावर येते, कठड्याला हात लावते, खाली पाण्याकडे बघते. आणि पाण्यावरच नावं येऊ लागतात. लोक उठले, दिवे लागले. दारवाला म्हणाला, "ताई, सरी गया पिच्चर. उठा." मी म्हटलं, नावं आहेत अजून. तो म्हणाला, "नावं कोण वाचस, ताई?" मी वाचली, सगळी. होडी ज्यांची वापरली त्यांचेही आभार होते. मग बाहेर पायरीवर येऊन फोन लावला.

झालं असं होतं. दिनेशनी सिनेमा लावला, पण पूर्ण चालू दिला नाही. जत्रेचं गाणं, बांधावरची वाट बघणं, सगळं पुढे पळवलं आणि एकदम मुलगा येतो तिथे आणून सोडलं. म्हणाले, "उना बा आबा, चाल जेवाले." दिनेश ताट घ्यायला आत गेले, तेवढ्यात आबा चप्पल घालून बाहेर. स्टँडवर नव्हते. शहाद्याच्या रस्त्याने चालत निघाले होते, उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगेतून. मी खुर्चीत बसून नावं वाचत होते तेव्हा ते त्या रस्त्यावर होते. ऊसतोडीच्या टोळीतल्या फुलसिंग नावाच्या माणसाने त्यांना बाजूला घेतलं, गुडघा फुटला होता तो धुतला, चहा पाजला. मी जीपमधून उतरले तेव्हा दोघं उसाच्या मोळीवर बसले होते. आबा मला म्हणाले, "तो काही उना नही वं."

दिनेशवर मी चिडले. एवढं साधं काम, पुढे कशाला पळवायचा? त्यांनी आबांच्या गुडघ्याची पट्टी नीट बांधली. मग म्हणाले, "तू उना म्हनस, तुले सोपं शे. तो बांधवर उभा राहीसन वाट देखस, आबा रडतस, आनि मी बाजूले बसेल. मी काय म्हनू? मी त आठेच शे ना."

ते इथेच आहेत, पहिल्यापासून. पंचवीस वर्षं या घरात आहे, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. जो घर सोडून गेला नाही त्याची कोणी वाट बघत नाही. दिनेशना तिथे बसवणं आता मला जमणार नाही. त्यांनी स्वतःहून म्हटलं तरी नाही.

नंतर त्यांनी विचारलं, फोन का नाही उचलला. मी म्हटलं, आवाज बंद होता. डायरीतही तेच लिहिलं: फोनचा आवाज बंद होता. शब्द न् शब्द खरा. म्हणूनच तो मला जास्त टोचतो. तुलाही तेच लिहिणार होते, किंवा यादीत "होडीचा" घेणारच नव्हते. तो घ्यायचा तर पहिला घ्यावा लागेल, आणि पहिला घेतला की कबूल करावं लागेल की रुमाल टाकल्यानंतरचा तो वेळ माझ्या वर्षातला सगळ्यात चांगला होता. मला भीती वाटली, लाजही वाटली, पण ती पायरीवर. आत नाही. आत मी सिनेमा बघत होते.

म्हणून आता पक्की यादी लिहिते, खाडाखोड नको.

पहिला: होडीचा.
दुसरा: बैलजोडीचा.

बस.

गाणं कधीच संपलं. मुलगा शहरात पोचला आहे. आबांनी पाय वर घेतलेत, म्हणजे आता बराच वेळ उठणार नाहीत.

आता पासचं. मी पुण्याला येत नाही. मागच्या वर्षी "जमलं नाही" लिहिलं, त्याच्या आधी "पुढच्या वेळी बघू". यंदा तसं लिहीत नाही. मला यायचं आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत अंधारात बसायचं आहे, तुझ्या शेजारी, फोन घरी ठेवून. आणि मी इथे अडकले आहे, प्रिस्किला. कोणी अडकवलं ते सांगता येत नाही म्हणून मी इतके दिवस हा शब्दच लिहीत नव्हते. पास दुसऱ्या कोणाला तरी दे. वाया घालवू नकोस.

पण एक मागते. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, तेव्हा हे उद्धट वाटलं तर तसं सांग.

नाताळला तू नवापूरला येशील. त्यातला एक दिवस मला दे. सकाळच्या गाडीने नंदुरबार, तिथून शहादा, तिथून जीप. फार प्रवास आहे, कळतं. मी तुझ्यासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा करून ठेवीन. तू म्हणशील, चला, निदान भेट होईल, दोघी मिळून बसू. तसं नको. माझ्या शेजारी बसू नकोस. माझ्या जागी बस.

काम अवघड नाही. मध्ये काही पळवायचं नाही. रडू आलं तर आवाज न करता रडायचं. आबांनी "उना का?" विचारलं की "उना, आबा" म्हणायचं आणि ताट वाढायचं. तुझी अहिराणी हॉस्टेलमध्ये ऐकलेली आहे मी. तुमच्या नवापूरकडच्या कोकणीच्या चालीवर बोलायचीस आणि मेसच्या रेवाबाई तुला भात मागितला की वरण द्यायच्या. दोनच शब्द आहेत, येता येता घोकून ये. ते ताट मात्र तूच जेव.

तेवढ्या वेळात मी शहाद्याला जाईन. काय लागलं आहे ते आधी विचारणार नाही. मारामारीचा असेल तर मारामारीचा. फोन चालू ठेवीन आणि तुझं नाव दिसलं तर उचलीन, हे वचन देते. पण दिसू नये अशी तजवीज कर. संध्याकाळी परत आले की तांब्या घासून तुझ्या हातात देईन, खाटेवर उभी राहून. भाषण तयार आहे.

दिनेशना अजून सांगितलं नाही. पर्समधल्या रुमालाचं आज सांगणार आहे, ते शेतातून आले की. तुला लिहून झालं, आता त्यांना न सांगणं बरोबर नाही. त्यांना काय वाटेल ते माहीत नाही. कदाचित म्हणतील, मग काय झालं. ते जास्त अवघड जाईल मला.

नाही येता आलं तर तसं स्पष्ट कळव. "बघते" लिहू नकोस. या घरात कोणी येणार आहे असं रोज म्हटलं जातं आणि रोज मीच हो म्हणते. मला कोणीतरी खरोखरच आलेलं हवं आहे.

आता शेताचा देखावा आला. लांबून तो चालत येतो आहे, अजून ठिपक्याएवढाच आहे. आबा सरळ बसलेत. मला पेन ठेवावं लागेल.

आलीस की कडी वाजवू नकोस, कडीचा आवाज झाला की ते उठतात. दारातूनच आवाज दे. "उनी" म्हण. मी आतून ऐकत असेन.

तुझी,
गायत्री